डोस म्हणजे किती?

ऑगस्ट-सप्टेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही कृषी केंद्राच्या काउंटरपाशी पाच मिनिटं उभं राहा. आर्णी असो, दिग्रस असो, वणी असो की पांढरकवडा, बोलणं सारखंच ऐकू येतं.

"भाऊ, अळी हटूनच नाही राहिली. कडक डोज द्या."

आतून बाटली येते.

"किती टाकू?"

"दोन बुचं टाक एका पंपाले."

पैसे दिले, बाटली पिशवीत गेली, माणूस गावाकडे निघाला. एवढ्या बोलण्यात 'डोज' हा शब्द आला, पण डोस कुठेच ठरला नाही. कोणत्या बाटलीचं बुच? किती लिटरचा पंप? एकरी किती पंप? यातलं काहीही ना विचारलं गेलं, ना सांगितलं गेलं. घेणाऱ्याला वाटलं आपण विचारलं, देणाऱ्याला वाटलं आपण सांगितलं.

मी हे सारं त्या एका शब्दासाठी लिहितोय. शब्द इंग्रजीतून आला, इंग्रजीत तो ग्रीकमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता 'देणं'. वैद्यानं रोग्याला एका वेळी जेवढं द्यायचं तेवढं, असा तो घडत गेला. म्हणजे या शब्दाच्या पोटातच माप आहे. मोजून दिलं तरच तो डोस. आपल्याकडे तो आला (पुस्तकात 'डोस', आपल्या तोंडी 'डोज'), घराघरांत राहिला, आणि राहता राहता त्याचं माप कुठेतरी सांडलं.

पाहा ना, एका दिवसात तो किती ठिकाणी भेटतो. सकाळी आशाताई दारात येऊन विचारतात, "बाळाचा दीड महिन्याचा डोस झाला का?" इथे डोस म्हणजे लशीची एक पाळी. कोरोनाच्या काळात तर "दोन्ही डोज झाले का?" हे आठवडी बाजारात रामराम घालावा तसं विचारलं जायचं. १६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झालं आणि खेड्यापाड्यांत ज्यांनी हा शब्द कधी उच्चारला नव्हता त्यांच्याही तोंडी तो बसला. त्या डोसात आपल्याला मोजायचं काही नव्हतं, मोजण्याचं काम नर्सबाईंचं होतं. आपण फक्त पहिला की दुसरा एवढं सांगायचं. शेतात 'बेसल डोज' म्हणजे पेरणीच्या वेळचं खत, त्यानंतर डवरणीच्या मागोमाग दुसरा डोज. शाळेत सरांनी, ऑफिसात साहेबांनी 'डोज दिला' म्हणजे झापलं. घरातली मोठी माणसं उपदेशाचे डोस पाजतात. आणि लग्नाच्या वरातीत एखादा झिंगून पडला की चार जण म्हणतात, "आज डोज जास्त झाला."

झापण्याच्या डोसाला माप नसतं. तो जितका कडक, तितका लवकर लागू पडतो, अशी आपली समजूत असते. माझं मत असं, की हीच समजूत कुणाच्या लक्षात न येता फवारणीच्या बादलीत उतरली. अळीवर राग असतो, कर्ज डोक्यावर असतं, शेजारच्या वावरात फवारणी होऊन गेलेली असते. अशा वेळी 'डोज' म्हणताना आपल्या मनात माप नसतंच, मनात असतो मार. 'डबल डोज', 'कडक डोज', 'डोज वाढव' हे सगळे मारण्याचेच शब्द आहेत.

या गोष्टीसाठी आपल्या भाषेत शब्द नव्हता असं नाही. मात्रा हा शब्द होता आणि आहे. वैद्याची मात्रा, बाराखडीतली मात्रा, छंदातली मात्रा, तिन्हीकडे मोजणं आहे. कृषी विद्यापीठाच्या पत्रकात अजूनही मात्राच छापतात. आणि मोजायची सवय तर आपल्या घरातच होती. गुटी उगाळणारी आजी आठवा. सहाणेवर हळकुंडाचे दोन वेढे, मुरुडशेंगेचे दोन, वेखंडाचा एक, जायफळाचा मात्र अर्धाच. जायफळाचा वेढा वाढला तर पोर गुंगीत जातं हे तिला पक्कं ठाऊक असे. अक्षर ओळखत नसेल, पण वेढा मोजल्याशिवाय पुढचं मूळ हातात घेत नसे. (बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं आज डॉक्टर सांगतात, तेच पाळायचं. मी इथे आजीच्या मोजण्याबद्दल बोलतोय.) त्या आजीचाच नातू पाठीवर पंप घेऊन जातो आणि बाटली डोळ्यांच्या अंदाजानं उपडी करतो.

२०१७ चा पावसाळा आपला जिल्हा विसरलेला नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणीची विषबाधा झालेली माणसं एकामागून एक यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येत राहिली. कुणाला दिसेनासं झालं होतं, कुणाला उलट्या थांबत नव्हत्या, कुणी शुद्धीवर नव्हतं. शेकडो जणांना बाधा झाली, एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जण गेले. त्यांत कितीतरी जण दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं फवारणी करणारे होते. सरकारनं विशेष चौकशी पथक नेमलं, नोव्हेंबरात पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी आली.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पंपाची नळी वर धरून मारावं लागत होतं आणि तुषार परत अंगावर येत होता. उकाडा होता, वारा पडलेला होता, बोंडअळीची धास्ती होती, नव्या पंपांचा तुषार धुक्यासारखा बारीक होता, आणि बादलीत एकाच वेळी तीन-तीन, चार-चार बाटल्या ओतल्या जात होत्या. सगळा दोष शेतकऱ्याच्या बेफिकिरीवर टाकून मोकळं होणाऱ्यांशी मी सहमत नाही. असं विष सहज हाताला लागतं, विकणारा सल्लागारही होऊन बसतो, हातमोजे आणि मास्क मजुरापर्यंत पोचत नाहीत, याची जबाबदारी विकणाऱ्यांची, कंपन्यांची आणि सरकारची आहे. ती त्यांच्याकडे मागत राहिलीच पाहिजे. पण उद्या सकाळी बादलीशी उभे राहणार ते आपण, म्हणून आज आपल्याशी बोलतोय.

आधी बाटलीवरचा हिशेब. लेबलवर आणि सोबतच्या पत्रकात मात्रा बहुतेक वेळा हेक्टरी दिलेली असते. आपण बोलतो एकरात आणि ओततो पंपात. एक हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. समजा, पत्रकात हेक्टरी २५० मिली लिहिलंय. तर एकराला १०० मिली. एकराला २०० लिटर पाणी लागत असेल आणि पंप १६ लिटरचा असेल, तर साडेबारा पंप झाले. म्हणजे एका पंपाला ८ मिली. पंप २० लिटरचा असेल तर १० मिली, १२ लिटरचा असेल तर ६ मिली. हा आकडा फक्त हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतलाय, तुमचा आकडा तुमच्या बाटलीवर आहे. पण एवढ्यावरून कळेल, की 'एका पंपाले दोन बुचं' हे वाक्य कुणालाच काही सांगत नाही. एका बाटलीचं बुच दुसऱ्या बाटलीच्या बुचाएवढं नसतं, आणि गावात तीन आकारांचे पंप असतात.

अजून एक गोष्ट यात लपलेली आहे. पऱ्हाटी वाढली की एकराला पंप जास्त लागतात. पंपामागे औषध तेवढंच ठेवलं तर एकरावर पडणारं विष आपोआप वाढतं, आणि पंप मारणाऱ्याच्या अंगावरही जास्त वेळ पडत राहतं. म्हणून मोजणी एकरापासून सुरू करायची. एकराला एवढंच, मग ते कितीही पंपांत वाटा.

इथे 'पंप' या शब्दाबद्दलही सांगायला हवं, कारण तोही डोसासारखाच फिरतो. विहिरीवरचा पंप वेगळा, सायकलचा वेगळा, पाठीवरचा वेगळा. आपल्याकडे तर पंप हे मजुरी मोजायचं मापही झालंय, अमुक रुपये पंप. कृषी विभागाच्या आणि विद्यापीठाच्या सल्ल्याखाली बरेचदा एक ओळ असते: हे प्रमाण साध्या पंपासाठी आहे, पेट्रोल पंपासाठी मात्रा तिप्पट करावी. हा पेट्रोल पंप म्हणजे पाठीवरचा, पेट्रोलवर चालणारा फवारा, ज्याला पॉवर स्प्रे म्हणतात. त्याला एकरी पाणी कमी लागतं, म्हणून कमी पाण्यात औषध जास्त. एकरावर पडणारी मात्रा तेवढीच राहते. आता ज्याच्या पाठीवर बॅटरीचा पंप आहे तो ही ओळ वाचतो आणि म्हणतो, आपलाही पंप पॉवरचाच. त्याच्या पंपाला पाणी साध्या पंपाइतकंच लागत असेल आणि त्यानं तिप्पट ओतलं, तर त्याच्या एकरावर, त्याच्या अंगावर तिप्पट विष पडलं. कृषी सहायकाला सरळ विचारा, "माझ्याकडे या कंपनीचा, एवढ्या लिटरचा, बॅटरीचा पंप आहे, माझ्यासाठी किती?" असं विचारणारा शेतकरी अडाणी ठरत नाही.

आणि मिश्रण. एका बादलीत कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक, विद्राव्य खत. प्रत्येकाचा डोस पूर्ण. अशा बादलीत काय तयार होतं ते कोणत्याच लेबलवर छापलेलं नसतं. बाधा झाली तर डॉक्टरांनाही कशावर उपचार करायचे ते लवकर कळत नाही. पत्रकात किंवा विद्यापीठाच्या शिफारशीत जे मिश्रण दिलेलं नाही, ते करू नका. दुकानातून पॅकिंगमध्येच दोन विषं एकत्र असलेली बाटली येते, तीत वरून तिसरं घालायची गरज नसते.

बाटलीवरचा चौकोन तर वाचता न येणाऱ्यालाही कळतो. कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. 'कडक डोज द्या' म्हणणाऱ्याला लाल मिळण्याचा संभव जास्त. आपण या सगळ्याला औषध म्हणतो, तो शब्द आता बदलायचा नाही, पण एवढं लक्षात असू द्या की ते पऱ्हाटीचं औषध आहे. माणसाला ते विषच.

खताच्या डोसात जीव जात नाही, म्हणून तिथे थोडक्यात. आपण तो पोत्यात मोजतो: एकरी एक बॅग. पण युरियाची बॅग २०१८ पासून ५० किलोची राहिलेली नाही, ४५ किलोची आहे. डीएपीची मात्र ५० चीच. बाप सांगायचा ती युरियाची 'एक बॅग' आणि आज आणलेली 'एक बॅग' यांत पाच किलोंचा फरक आहे. किलोत बोला.

आता घरात या. पोराला ताप येतो, शेजारीण म्हणते, "माह्या पोराले एक चमच्याचा डोज दिला, उतरला." तिच्या पोराचं वजन किती, तुमच्या पोराचं किती? लहान मुलांच्या तापाचं पॅरासिटामॉल वयाच्या अंदाजानं नाही, वजनावर ठरतं. त्यातही तेच सिरप वेगवेगळ्या ताकदीचं येतं. एका बाटलीत ५ मिलीला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, दुसरीत २५०. म्हणजे चमचा तोच, डोस दुप्पट. थेंबांची बाटली त्याहून तीव्र असते, ती चमच्यानं कधीच द्यायची नाही. घरातला चमचाही भरवशाचा नाही, पोह्याचा वेगळा, चहाचा वेगळा. बाटलीसोबत येणारं मापाचं झाकण फेकू नका. मोठ्यांनीही सर्दीच्या गोळीबरोबर तापाची गोळी घेताना पाकीट पाहावं. दोन्हींत पॅरासिटामॉल असू शकतं, आणि मग न मागता डबल डोस होतो.

जुलाबाच्या ओआरएसबद्दल तर हात जोडून सांगतो. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. पुडीवर लिहिलेलं असतं. मोठी पुडी एका पेल्यात कालवून पाजली तर लेकराच्या पोटात नको तेवढं मीठ जातं. आणि पुडी पातळ केली तर हवा तो उपयोग होत नाही. लिटरची बाटली घरोघर आहे, ती स्वच्छ धुऊन मापाला वापरा.

टीबीच्या गोळ्यांचा डोस चुकवायचा नाही हे सगळे सांगतात. खोकला थांबला म्हणून मधेच सोडायचाही नाही. आणि एक दिवस राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन दिवसांच्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, दवाखान्यात विचारायचं.

माप बरोबर असूनही डोस चुकू शकतो, हे आपल्याच जिल्ह्यानं पाहिलंय. ३१ जानेवारी २०२१, पल्स पोलिओचा दिवस. घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात बारा लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. पाच वर्षांच्या आतली पोरं. दवाखान्यात ठेवावं लागलं, पोरं वाचली. दोन थेंब हे माप आपल्या देशाला जितकं पाठ आहे तितकं दुसरं कुठलं नसेल. १९९५ पासून पल्स पोलिओ चाललाय, २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला, तो या थेंबांच्या जोरावर. त्या दिवशी चुकलं ते दुसरंच काही. बाटली उघडण्याआधी ती पाहायची राहून गेली. म्हणून 'किती' याच्याही आधी 'कशाचा' हा प्रश्न. केंद्रावर बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईनं "ताई, बाटली दाखवा" म्हटलं तर कुणी रागावण्याचं कारण नाही. रागावलं तरी म्हणा. म्हणूनच फवारणीचं औषध दारूच्या, पाण्याच्या किंवा थंड्याच्या बाटलीत काढून ठेवणं हा माझ्या दृष्टीनं गुन्हाच आहे. बाटली बदलली की डोस विचारायची सोयच संपते.

कृषी केंद्र चालवणाऱ्या भावांना माझं सांगणं आहे. बुचात बोलणं सोडा. मिलीत सांगा, पंप किती लिटरचा ते आधी विचारा, आणि बिलाच्या मागे पेनानं लिहून द्या. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. त्या कागदावर तुमचं गिऱ्हाईक पुढच्या हंगामालाही परत येईल.

शाळेतल्या गुरुजींना आणि मॅडमना विनंती आहे. सहावी-सातवीच्या पोरांना हेक्टर-एकर-लिटर-मिलीची उदाहरणं घालता ना? बाटलीसोबतचं खरं पत्रक आणून घाला. यवतमाळच्या पोराला ते गणित घरी जाऊन बापाला करून दाखवता आलं पाहिजे. कितीतरी घरांत बारीक अक्षर वाचणारं माणूस तेच एक असतं.

जे मजुरीनं पंप मारायला जातात त्यांना वेगळं सांगतो, कारण त्यांच्या हातात बाटली येतच नाही. मालक किंवा मालकीण ड्रमात कालवून ठेवते, तुम्ही फक्त भरून घेता. तरी विचारा: यात काय हाये, किती टाकलं, बाटली कुठं हाये? तुमच्या अंगावर पडणार आहे, म्हणजे विचारायचा हक्क तुमचा आहे. पाणी वाहून आणणाऱ्या आणि काठीनं ड्रम ढवळणाऱ्या बायांचाही तेवढाच हक्क आहे. हातानं कोणी ढवळायचं नाही. मापाला सुई काढलेली सिरिंज किंवा खुणांचा प्लास्टिकचा पेला घ्या, तो फवारणीचाच ठेवा, स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. पंपाच्या अंगावर ऑइलपेंटनं मोठ्या आकड्यात लिहा, १६ किंवा २०, जेवढ्या लिटरचा असेल तेवढा.

आणि एवढं करूनही कुणाला मळमळलं, घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, डोळ्यांपुढे धुरकट झालं, तर उन्हानं झालं असेल म्हणून झाडाखाली निजवून ठेवू नका. वावरातून बाहेर काढा, कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, १०८ ला फोन लावा. दूध, तूप, मिठाचं पाणी पाजत बसू नका, उलटी काढायचा खटाटोप करू नका. बादलीत ओतलेल्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून सोबत न्या. प्रत्येक विषावरचा उतारा वेगळा असतो, आणि काहींवर नेमका उतारा नसतोही. दवाखान्याच्या दारात डॉक्टरांना आधी तेच लागतं: काय फवारलं, आणि किती.